कोंबड्या कोंडायच्या की मोकळ्या सोडायच्या?

जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पाठोपाठ नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातून किवळा गावाचं नाव आलं. तिथं कोंबडीची पिल्लं मेली होती. दोन्हीकडे तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि दोन्हीकडे 10 किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर या दोन्ही वर्तुळांच्या पुष्कळ बाहेर. म्हणजे सरकारी आदेशानं इथल्या कोंबडीला कुणी अडवलेलं नव्हतं. वाद पेटतो तो अशाच गावात. आदेश आला की वाद संपतो, मग फक्त आदेश पाळणारे आणि चुकवणारे उरतात.

पुढच्या संवादातल्या सासू-सुना मी रचलेल्या आहेत, त्यांचा वाद मात्र पूर्णेकाठच्या कुठल्याही ओट्यावर चालेल असा आहे. सासू परसात गावरान कोंबड्या बाळगते. सून 'उमेद' अभियानातली पशुसखी. गावातल्या शेळ्या-कोंबड्यांच्या लशी, जंताची औषधं ती बघते. घर सिद्धेश्वरच्या धरणाच्या बाजूला आहे आणि सून सासूला इकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणते.

सून : आत्याबाई, उद्यापासून कोंबड्या सोडू नका. खुराड्याला लागून जाळी मारू. थंडी सरेपर्यंत आतच राहू द्या.

सासू : कामून? आपल्या गावात कुठं काय झालंय? किवळा कुठं अन् सिद्धेश्वर कुठं. बंदी आली का तशी?

सून : बंदी नाही आली. ती यायच्या आधीच करायचं असतंय हे. गावात कोंबडी मेली अन् भोपाळचा रिपोर्ट आला, की मग जाळी बांधून काय फायदा? तेव्हा एक किलोमीटरच्या आतली झाडून सारी पाखरं मारतात. आजारी असो का धडधाकट.

सासू : मह्या कोंबड्या उकिरड्यावर उकरून खातात, सांजच्याला आपल्या पायानं घरी येतात. त्यांना दाणा लागतो कितीसा? कोंडल्या की रोज ज्वारी टाकावी लागंल. ज्वारी काय फुकट येती? अन् ह्या धरणावर थंडीत रानबदकं उतरतात, ती मी लग्न होऊन आले तवापासून बघायले. तवा नाही आला कुठला फ्लू.

सासूबाईंचं हे म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. बदकं जुनी आहेत, हा रोग या रूपात नवा आहे. आज ज्याची धास्ती आहे त्या एच-5-एन-1 विषाणूचं घराणं 1996 मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत सापडलं. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसांना लागण झाली आणि 6 दगावली. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच. 18 फेब्रुवारी 2006 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची बातमी आली आणि तिथल्या मोठमोठ्या शेडमधल्या कोंबड्या लाखांनी माराव्या लागल्या. महिनाभरात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांपर्यंत तो पोचला. आपल्या भागात जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावी दोन दिवसांत सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि तपासणीत हाच रोग निघाला. हिंगोली जिल्हा 1999 पर्यंत परभणीतच होता, तेव्हा मुरुंबा म्हणजे जुन्या माणसांच्या लेखी आपल्याच जिल्ह्यातलं गाव.

रानबदकं हा रोग पूर्वी सौम्य रूपात बाळगत आली. पाळीव कळपांत शिरून तो जहाल झाला आणि तिथून उलटा पुन्हा रानपाखरांत गेला. त्यामुळे 'आमच्या लहानपणी नव्हतं' ही तक्रार खरीच, फक्त तिचा रोख बदकांवर नको. मात्र विषाणू आला कुठूनही असला, तरी आज तो बदकांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पुष्कळ बदकं वरून ठणठणीत दिसतात.

सून : बदकाला काही होत नाही, ते उडून जातंय. त्याची घाण पाण्यात, काठावर राहती. थंडीत ती लवकर वाळत नाही. उन्हाळ्यातल्या उकाड्यात त्यातला विषाणू आठवडाभरही टिकत नाही, गारठ्यात महिनाभर जगतो. आपली कोंबडी काठावर जाऊन चोच बुडवती. झालं.

सासू : आपल्या कोंबड्या धरणापर्यंत नाही जात.

सून : कोंबडी नाही जात. कावळा जातो, बगळा जातो. आपण जातो, म्हसरं जातात. त्या पायांनीच परसात येतो ना?

सासू : मग आधी तुह्या चपलांचं बोल. दिवसभर ह्याच्या अंगणात, त्याच्या अंगणात. ह्याची शेळी धर, त्याची कोंबडी धर. रोग आणायचाच असंल तर मह्या कोंबड्यांपेक्षा तूच आणशील घरात.

इथं सून गप्प झाली असती, तर संवाद लिहिण्यात अर्थ नव्हता. सासूनं अगदी नेमकं बोट ठेवलं आहे. परसातल्या कोंबडीपर्यंत रोग आणणाऱ्यांत रानपाखरू असतं, तसा माणूसही असतो. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणारा टेम्पो, परत आलेले अंड्यांचे कागदी ट्रे, विष्ठा लागलेली चप्पल, उसनं आणलेलं डालं. सगळ्यांत वाईट म्हणजे गावोगाव फिरून कोंबड्या गोळा करणारा व्यापारी. मोटरसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगलेल्या चार गावच्या कोंबड्या, मागं पिंजरा, आणि तो थेट परसात गाडी लावून सासूबाईंची कोंबडी हातात तोलून बघतो. धरणावरच्या हजार बदकांपेक्षा मला या एका गाडीची भीती जास्त वाटते.

सून : बरोबर बोललात. म्हणून आजपासून घरोघर जायच्या चपला वेगळ्या, त्या ओट्याच्या खालीच राहतील. परसात जायच्या चपला परसाच्याच दाराशी. दाराशी एक घमेलं ठेवू, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. मी पण नाही, तुम्ही पण नाही.

सासू : अन् तो कोंबड्या घ्यायला येतो तो?

सून : त्याला रस्त्यावरच थांबवायचं. द्यायचीच झाली तर कोंबडी आपण नेऊन देऊ. त्याचा पिंजरा, त्याची गाडी आत नको. खरं सांगायचं तर ह्या दोन महिन्यांत त्याला देऊच नका.

सासू : नको देऊ? अगं, तोच दारात येऊन रोख पैसे देतो. बाजारात बसायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो, येण्या-जाण्याचं भाडं वेगळं. तेलमिठाला, लेकराच्या वहीला मी कुणाकडं हात पसरत नाही, ते ह्या कोंबड्यांमुळंच. तुला पगार नसला तरी मानधन तर हाय. मह्याकडं काय हाय?

अंड्या-कोंबडीचा पैसा घरातल्या बाईचा असतो, पुरुष त्याचा हिशोब विचारत नाहीत. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात एवढं एक खातं बाईच्या नावावर चालतं. परसातली कोंबडी म्हणजे हौस, असं समजून जे सल्ले दिले जातात ते या ओट्यावर टिकत नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये 2022-23 च्या हिवाळ्यात घरोघरच्या कोंबड्याही महिनोन् महिने छताखाली ठेवण्याचा आदेश होता, आणि तिथंच 1 ऑक्टोबर 2024 पासून एकच कोंबडी पाळणाऱ्यानंही सरकारकडे नोंद करणं सक्तीचं झालं. आपल्याकडे असा नियम काढला तर तो फक्त कागदावर राहील. नोंद झालीच तर ती कोंबड्या मारायला येणाऱ्यांच्या कामाची, अशी समजूत आधी होईल.

सुनेनं पैशाचा मुद्दा टाळला. ती कामाकडे वळली, आणि मला वाटतं ते शहाणपणाचं होतं.

सून : कायमच्या कोंडा म्हणत नाही मी. मासे धरणाऱ्यांकडं फाटकी जाळी पडलेली असतात, ती मागून आणू. खुराड्यापुढं चार बांबू, तीन बाजूंनी जाळं. वर मात्र पत्रा नाहीतर ताडपत्री.

सासू : वर पण जाळंच टाक की. पत्र्याला पैसे पडतात.

सून : जाळ्यानं पाखरू अडतंय, घाण कुठं अडती? वर कावळा बसला, हगला, ते खाली दाण्यात पडलं. कोंबड्या खातात तिथं वर पक्कं छप्पर पाहिजेच. बाकी जागा जाळ्यानं झाकली तर चालंल.

सासू : अन् चिमण्या? त्या जाळ्यातून येतात.

सून : दाणा उघडा ठेवला तर येणारच. सकाळ-सांज मुठीनं टाकायचा, खाऊन झाला की उरलेला उचलायचा. पाणी हापशाचं, धरणाचं नको, कालव्याचंही नको. भांडं रोज घासायचं.

सासू : एवढ्याशा जागेत त्या एकमेकींना टोचून मारतील. कोंबडी कोंडून कशी राहती हे मला नको शिकवू. मी मागं एकदा सोंगणीच्या दिवसांत कोंडल्या होत्या, एकीची शेपटी पार उपटून टाकली बाकीच्यांनी.

सासूचा अनुभव इथं पुस्तकापेक्षा पुढचा आहे. कोंबडी दिवसभर उकरते, चोच चालवते. तिला उकरायला काही दिलं नाही तर ती शेजारणीची पिसं उकरते. त्यामुळे कोंडणं म्हणजे नुसतं दार लावणं नाही. एकेका कोंबडीला दोन-तीन चौरस फूट जागा लागते. खाली सोयाबीनचं कुटार पसरायचं आणि ते वरचेवर उलथत राहायचं, नाहीतर ओलं होऊन वास सुटतो आणि कोंबड्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. एका कोपऱ्यात जुन्या टोपल्यात राख आणि कोरडी माती ठेवायची. कोंबडी त्यात लोळते आणि अंगावरच्या पिसवा-उवा झडतात. मेथीची किंवा पालकाची जुडी दोरीनं जरा उंच टांगायची, उडी मारून खावी लागेल एवढी. त्यात त्यांचा निम्मा दिवस जातो.

खाण्यातही फरक पडतो. मोकळी कोंबडी किडे, वाळवी, गांडुळं वेचते आणि त्यातून तिला अंड्यापुरता कस मिळतो. कोंडलेल्या कोंबडीला नुसती ज्वारी घातली तर अंडी कमी होतात, कवच पातळ होतं. इथं घरोघर सोयाबीन असतं, तेव्हा तेच टाकावं असं वाटेल, पण कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही. भाजून भरडून घालावं लागतं. अंड्यांची टरफलं भाजून कुटून दाण्यात मिसळली की कवचाची सोय होते.

सासू : मी हळदीचं पाणी पाजते त्यांना. आपल्या भागाची हळद, तिच्यासारखं औषध नाही.

सून : पाजा, त्यानं काही बिघडत नाही. पण हळदीनं फ्लू अडतो असं समजून जाळी राहू द्याल तर ते चालणार नाही. ह्याला औषध नाही. आपल्या देशात कोंबड्यांना ह्याची लस पण देत नाहीत.

सासू : मग तू लशी कसल्या टोचत फिरतीस?

सून : मानमोडीच्या. राणीखेत म्हणतात ती. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात थेंब, दोन महिन्यांचं झालं की टोचायची. ती लस ह्या फ्लूवर चालत नाही. पण मानमोडीनं पण कोंबड्या अशाच पटापटा मरतात. लस टोचलेली असली तर मेलेली कोंबडी बघून निदान एवढं तरी म्हणता येतं, की ही मानमोडी नसावी, लवकर कळवा.

सुनेचं हे बोलणं मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. परसातल्या कोंबड्या मरतात त्या बहुतेक वेळा मानमोडीनं, म्हणून लोकांना मर नवीन राहिलेली नाही. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं खुराडं रिकामं होतं आणि गाव पुढं चालतं. बर्ड फ्लूत कोंबडीचा तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर लालसर-निळे डाग येतात, पण काही कोंबड्या यातलं काही न दाखवता सकाळी मेलेल्या सापडतात. नुसतं बघून दोन्हींतला फरक पशुवैद्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जातो, तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, तेव्हा शिक्का बसतो. ज्या गावात मानमोडीची लस झालेली आहे, त्या गावात मर लागली की संशय लवकर येतो. लस न झालेल्या गावात फ्लू मानमोडीच्या नावाखाली आठवडाभर खपून जातो.

मग वाद मुख्य गोष्टीवर आला.

सून : आता खरं सांगा. उद्या एखादी कोंबडी झुरायला लागली, कोपऱ्यात पिसं फुगवून बसली, तर काय कराल?

सासू : काय करणार? मान टाकायच्या आत कापायची. मेल्यावर फेकून द्यायची, त्यापेक्षा घरात चार घास तरी होतात. सगळेच असं करतात.

सून : तेच नको! शिजवलेल्या मटणाची भीती नाही, चांगलं उकळलं की विषाणू मरतो. भीती कापायची अन् पिसं काढायची. गरम पाण्यात बुडवून पिसं उपटताना तोंड किती जवळ असतं? रक्त, विष्ठा सगळं हाताला. लेकरू शेजारीच बसलेलं असतंय. माणसाला हा रोग होतो तो बहुतेक असाच, आजारी कोंबडी हाताळताना.

सासू : इतकी वर्षं कापली, कुणाला काही झालं?

सून : आपल्याकडं नाही झालं. हरियाणातल्या एका पोराचा 2021 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये जीव गेला. अन् मांजरीला विसरू नका. मेलेलं पिल्लू आपण उकिरड्यावर टाकतो अन् ती ओढून नेती. नागपूरला गोरेवाड्यात तीन वाघ अन् एक बिबट्या ह्याच रोगानं गेले, ह्याच थंडीत. वाघ गेले, तिथं आपली मांजर किती टिकंल?

सासू : बरं, नाही कापली. मग काय करायचं तिचं?

सून : हात न लावता दवाखान्यात कळवायचं. सरपंचाला, ग्रामसेवकाला सांगायचं. कायदाच आहे तसा 2009 चा, मालकानं कळवलंच पाहिजे.

सासू : कळवते. मग ते येतील. सगळ्या कोंबड्या पोत्यात भरतील, मह्या अन् शेजारणीच्या पण. मग ती शेजारीण जन्मात मह्याशी बोलंल का? अन् मला काय मिळंल?

सून : भरपाई मिळते.

सासू : किती?

सुनेला हा आकडा सांगायला अवघड जातं, म्हणून मी सांगतो. 2021 च्या साथीत राज्यानं जाहीर केलेले दर असे होते : आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला 90 रुपये, त्याहून लहान पिल्लाला 20, सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला 70, अंड्याला 3, खाद्याला किलोमागं 12 रुपये. हे दर शेडमधली पांढरी कोंबडी डोळ्यांपुढं ठेवून काढलेले दिसतात. त्या भावात औंढ्याच्या बाजारात गावरान कोंबडी सोडा, तिचा पायही कुणी देणार नाही. धडधाकट गावरान कोंबडी शेकड्यांत जाते. आणि अट अशी, की पैसे मिळतात ते पथकानं मारलेल्या जिवंत कोंबडीचे. पथक येण्याआधी रोगानं मेलेल्या कोंबडीला भरपाई नाही.

या अटीमागं सरकारी तर्क आहे. मेलेल्या कोंबड्यांचे पैसे द्यायला लागलो तर कुठलीही मेलेली कोंबडी बर्ड फ्लूची म्हणून पुढं येईल. शिवाय जिवंत असतानाच कळवलं तर पैसे मिळतात, तेव्हा लवकर कळवण्याला उत्तेजन मिळतं, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते सासूबाईंनीच सांगितलं आहे. ज्या बाईच्या बारांपैकी पाच मेल्या, तिनं कळवलं तर उरलेल्या सातांचे पडत्या भावानं पैसे, मेलेल्या पाचांचे शून्य, आणि वर शेजारणींचे शिव्याशाप. नाही कळवलं, उरलेल्या सात त्याच दिवशी व्यापाऱ्याला विकल्या, तर रोख पैसे. आणि विषाणू त्याच मोटरसायकलवर पुढच्या गावी.

सून : तरी पण आत्याबाई, लपवलं तर एक किलोमीटरमधल्या सगळ्यांच्या जातात. आज ना उद्या कळतंच.

सासू : मग असं कर. तू पशुसखी हाईस, मीटिंगला जातीस. तिथं सांग, की गावरान कोंबडीला गावरान भाव द्या, मेलेल्या कोंबडीचे पण द्या, अन् पैसे बाराव्या-तेराव्याला नको, आठ दिवसांत द्या. एवढं दिलं तर आधी मी कळवते, मग शेजारणीला पण मीच समजावते.

सून : हे मी सांगीन. मीटिंगमध्ये उभी राहून सांगीन. अन् जाळी?

सासू : जाळी बांध. पण पत्र्याचे पैसे तुह्या मानधनातून. अन् होळीला सोडायच्या, मग एक दिवस वर नाही.

सून : गावाच्या आसपास साथ नसली तर सोडू. असली तर नाही.

सासू : बघू तवाचं तवा. आता त्या खुडूक कोंबडीचं सांग, तिच्या खाली अंडी ठिवलीत. पिल्लं निघाली की ती उकरायला बाहेरच नेणार.

सून : तिला पिल्लांसकट डाल्याखाली वेगळं ठेवू. अन् तुमच्या भाचीनं पाठवायचं म्हटलेला तो कोंबडा, तो सध्या नको. पाठवलाच तर तीन आठवडे दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यात पाणी, आपल्यांत मिसळायचा नाही.

सासू : नवसाचा हाय तो.

सून : नवसाचा असला तरी.

इथं दोघी थांबल्या नसत्या, आणखी तासभर बोलल्या असत्या. पण लेखकाला निकाल द्यावाच लागतो. कोंबड्या कोंडण्याबाबत मी सुनेच्या बाजूनं आहे, आणि तो बंदोबस्तही अर्धामुर्धा नको. थंडीचे महिने, शेजारच्या जिल्ह्यात साथ, आणि दाराशी बदकांचं पाणी. एवढ्यावर बंदीची वाट बघणं वेडेपणाचं आहे. लागणारा खर्च म्हणजे चार बांबू, मागून आणलेलं जाळं, दोन पत्रे आणि रोजची थोडी ज्वारी. हा खर्च सासूला जड आहे हे मान्य, पण सगळं खुराडं जाण्याच्या मानानं तो काहीच नाही.

भरपाईच्या बाबतीत मी पूर्णपणे सासूच्या बाजूनं आहे. परसातल्या कोंबडीचा दर शेडच्या कोंबडीच्या दराला बांधणं आणि मेलेल्या कोंबडीचे पैसे न देणं, या दोन गोष्टी जोवर आहेत तोवर कितीही पत्रकं वाटा, माहिती दडपली जाणार. अमुक दिवसांत कळवलेल्या आणि प्रयोगशाळेत खात्री झालेल्या गावात, मेलेल्या कोंबडीचेही पैसे द्यावेत. त्याला लागणारी रक्कम एका मोठ्या शेडच्या भरपाईपेक्षा जास्त होणार नाही. खोट्या मागण्या येतील ही भीती प्रयोगशाळेच्या अहवालाची अट घातली की निम्मी कमी होते. तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. ते त्यांच्या हातात नाही. ते मुंबई-दिल्लीत ठरतं, कारण भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात.

तोवर सिद्धेश्वरच्या आणि धरणाच्या आसपासच्या वाचकांना विनंती एवढीच. 2021 मध्ये पशुसंवर्धन खात्यानं सांगितलेली फवारणी अजूनही तशीच उपयोगी आहे : 1 लिटर पाण्यात 7 ग्रॅम धुण्याचा सोडा, खुराड्याच्या आत-बाहेर, भिंतींवर, नालीत, 15 दिवसांच्या अंतरानं 3 वेळा. खुराडं झाडताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा. आणि एकाच दिवशी दोन-चार कोंबड्या मेल्या, किंवा परसात, शेतात, धरणाच्या काठी कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर त्यांना हात लावू नका, कालव्यात किंवा धरणात टाकू नका, कापू नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर 1962 या क्रमांकावर फोन करा. तो फुकट लागतो.